डिलीट केला एक मेल, गेला भलताच: स्वतः लिहिलेल्या आयमॅप सर्व्हरमधला क्रमांकांचा घोळ

लेखा विभागातल्या ताईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज घाबरलेला होता. इनबॉक्समधला जाहिरातीचा एक मेल त्यांनी डिलीट केला होता. जाहिरात जागच्या जागी राहिली आणि तिच्या खालचा, पुरवठादाराच्या बिलाचा मेल गेला. बिल बॅकअपमधून काढून देता आलं, पण तीन आठवड्यांतली ही दुसरी वेळ होती. पहिल्या वेळी त्यांच्याकडून चुकून दुसऱ्या ओळीवर क्लिक झालं असेल असं मी मानलं होतं. तसं झालं नव्हतं. चूक माझ्या सर्व्हरची होती.

हा सर्व्हर मी पायथनमध्ये एका छोट्या कार्यालयासाठी लिहिला आहे. चौदा माणसं, प्रत्येकाचा एक संगणक आणि एक फोन. मेल डिस्कवर फायलींमध्ये राहतात, त्यांची नोंदवही एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये. त्या फोननंतरच्या दोन महिन्यांत तीन वेगवेगळ्या तक्रारी आल्या. एक म्हणजे भलताच मेल डिलीट होतो. दुसरी, नवा मेल एका यंत्रावर दिसतो पण दुसऱ्यावर येतच नाही. तिसरी, सर्व्हर पुन्हा सुरू केला की सगळ्यांचे फोन अख्खी मेलबॉक्स नव्याने उतरवायला लागतात. तिन्ही वेगळ्या वाटल्या म्हणून मी त्या वेगवेगळ्या शोधत बसले आणि प्रत्येकीला वरवरची मलमपट्टी केली, त्यामुळे त्या परत परत आल्या. तिघींचं मूळ एकच निघालं: मेलला दिलेला क्रमांक. स्वतःचा मेल सर्व्हर लिहिणाऱ्या कुणालाही हे लागेल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी आयमॅपमध्ये, म्हणजे मेल प्रोग्राम आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, मेलला किती नंबर असतात ते पक्कं करू. आवक-जावक रजिस्टर ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. कार्यालयात पत्र आलं की त्यावर शिक्का बसतो: आवक क्र. ४१२/२०२४. ते पत्र पुढे कुठल्या फायलीत गेलं, फाडलं गेलं, हरवलं, तरी ४१२ हा आकडा त्या वर्षात दुसऱ्या पत्राला मिळत नाही. फायलीत मात्र ते पत्र वरून पाचवं असतं, आणि मधलं एक काढलं की चौथं होतं. आयमॅपमधला संदेश क्रमांक म्हणजे फायलीतली ही जागा. तो १ पासून सुरू होतो, मध्ये खंड पडत नाही, आणि मधला मेल गेला की खालचे सगळे एकेक पायरी वर सरकतात. यूआयडी म्हणजे आवक क्रमांक. तो चढताच असतो, मध्ये कितीही खंड चालतात, आणि एकदा दिलेला पुन्हा दिला जात नाही. शिक्क्यावरचं वर्ष म्हणजे यूआयडीव्हॅलिडिटी: रजिस्टर नवं सुरू झालं, जुने आकडे आता धरू नका, हे सांगणारी खूण. मार्च २००३ मध्ये मार्क क्रिस्पिन यांनी लिहिलेल्या आरएफसी ३५०१ या नियमपत्रात हे सगळं आहे, आणि ऑगस्ट २०२१ च्या आरएफसी ९०५१ मध्येही हे नियम कायम आहेत. मी ते वाचले होते. पण मनात दोन्ही नंबर एकच धरून कोड लिहिला होता.

पहिली तक्रार: भलताच मेल जातो

ताईंच्या संगणकावर एक जुना मेल प्रोग्राम आहे आणि तो यूआयडी न वापरता थेट संदेश क्रमांक पाठवतो. बाकीच्या तेरा जणांचे प्रोग्राम जवळजवळ सगळं यूआयडीने करतात, म्हणून तक्रार फक्त त्यांचीच. हे कळायला मला फार वेळ लागला, कारण लॉग स्वच्छ दिसत होता. इनबॉक्समध्ये नऊ मेल होते. त्यांच्याच फोनवरून तिसरा मेल काढला गेला, आणि पाठोपाठ संगणकावरून पाचवा (एक्सपंज म्हणजे डिलीटची खूण असलेले मेल कायमचे काढणं, स्टोअर म्हणजे खूण लावणं, फेच म्हणजे मेलची माहिती; ब४, अ७ हे आज्ञांचे नंबर, आणि * ने सुरू होणारी ओळ म्हणजे सर्व्हरने दिलेली खबर):

फोन: ब४ एक्सपंज
सर्व्हर: * ३ एक्सपंज
सर्व्हर: ब४ ओके
संगणक: अ७ स्टोअर ५ +फ्लॅग्ज (\डिलीटेड)
सर्व्हर: * ५ फेच (फ्लॅग्ज (\डिलीटेड))
सर्व्हर: अ७ ओके

यात काय चुकलं? संगणकाला अजून कुणी सांगितलेलंच नाही की तिसरा मेल गेला. त्याच्या लेखी मेल नऊच आहेत आणि पाचवा म्हणजे जाहिरात. माझ्या सर्व्हरमध्ये मात्र फोल्डरची एकच यादी होती, सगळ्या सेशनना, म्हणजे यंत्रांच्या उघड्या जोडण्यांना, सामाईक. फोनने मेल काढताच ती आठची झाली, आणि तिच्यातला पाचवा म्हणजे जुना सहावा, पुरवठादाराचं बिल.

पहिली मलमपट्टी म्हणून मी काय केलं ते सांगते, कारण हा मोह कुणालाही होईल. एका सेशनने मेल काढला की दुसऱ्या सेशनला लगेच, त्याच क्षणी, ‘* ३ एक्सपंज’ पाठवायचं. तक्रार कमी झाली, पण थांबली नाही. हे नियमातही बसत नाही. कुठलीही आज्ञा चालू नसताना एक्सपंज पाठवायला मनाई आहे, आणि फेच, स्टोअर, सर्च यांना उत्तर देतानाही मनाई आहे. कारण समजून घेतलं की हा नियम विसरला जात नाही: क्लायंटने, म्हणजे मेल प्रोग्रामने, आधीच ‘स्टोअर ५’ तारेवर सोडलेलं असू शकतं. तुमचं एक्सपंज त्याच्याकडे पोचायच्या आत त्याची आज्ञा तुमच्याकडे पोचते. ती लिहिताना त्याच्या मनात जुना पाचवा होता आणि वाचताना तुमच्या मनात नवा पाचवा. यूआयडी फेच, यूआयडी स्टोअर या वेगळ्या आज्ञा धरल्या जातात, आणि त्यांच्या दरम्यान एक्सपंज पाठवलेलं चालतं, कारण यूआयडी सरकत नाही. आयडल (नव्या खबरीची वाट पाहत थांबण्याची आज्ञा) चालू असेल तर तीही चालू असलेली आज्ञाच, त्यामुळे तिथेही चालतं.

खरा उपाय असा. प्रत्येक सेशनला स्वतःची यादी द्या. फोल्डर उघडताना त्यातल्या यूआयडींची क्रमवार प्रत काढून त्या सेशनजवळ ठेवा. क्लायंटने ५ म्हटलं की त्याच्या यादीतली पाचवी नोंद पाहा, तिचा यूआयडी घ्या, आणि पुढचं सगळं काम त्या यूआयडीवर करा. दुसऱ्या कुणी मेल काढला तर या यादीला हात लावायचा नाही. फक्त ‘हा यूआयडी गेला’ अशी चिठ्ठी त्या सेशनच्या रांगेत टाकायची. परवानगी असलेली आज्ञा आली, बहुधा नूप (नुसतीच ‘काही नवं आहे का’ विचारणारी), की रांगेतल्या चिठ्ठ्या काढायच्या, एक्सपंज पाठवायचे, आणि पाठवल्यानंतरच त्या सेशनच्या यादीतून नोंद उडवायची. सर्व्हरजवळची यादी आणि क्लायंटला सांगितलेली यादी यांत एका ओळीचाही फरक पडता कामा नये.

इथे दोन उपप्रश्न उभे राहतात. मेल तर गेला, पण या सेशनच्या यादीत तो अजून आहे. त्याने तो मागितला तर द्यायचं काय? १९९७ च्या आरएफसी २१८० मध्ये याच प्रसंगाचे पर्याय मांडले आहेत. मी त्यातला सगळ्यात सौम्य घेतला: सगळ्या सेशनना कळवून होईपर्यंत डिस्कवरची फाइल काढायची नाही. निष्क्रिय सेशनला किमान ३० मिनिटं तरी जिवंत ठेवावं लागतं, म्हणजे फाइल तेवढा वेळ अडकून राहू शकते. चौदा माणसांच्या कार्यालयात डिस्कवर त्याचा काही भार पडत नाही.

दुसरा उपप्रश्न मोजणीचा, आणि तो मी चक्क चुकवला होता. ३, ४ आणि ७ हे तीन मेल एकदम काढायचे असतील तर मी ‘३ एक्सपंज, ४ एक्सपंज, ७ एक्सपंज’ पाठवत होते. पण ३ गेला की जुना ४ हा ३ होतो. तोही गेला की जुना ७ हा ५ होतो. म्हणजे चढत्या क्रमाने पाठवायचं तर ३, ३, ५. यापेक्षा उलट्या बाजूने जा: ७, ४, ३. खालचा काढल्याने वरच्यांचे नंबर हलत नाहीत, वजाबाकी करावी लागत नाही, आणि लॉग वाचताना डोळ्यांनाही पटतं. त्याच वेळी नवे मेलही आले असतील तर आधी सगळे एक्सपंज, मग एकदाच नव्या एकूण संख्येचं एक्झिस्ट्स. संख्या कमी झाली हे एक्झिस्ट्सने कधीच सांगायचं नाही, ते काम एक्सपंजचं. माझ्याकडे ‘* ८ एक्झिस्ट्स’ जाऊन त्यानंतर ‘* ३ एक्सपंज’ जायचं. क्लायंट बिचारा सात मोजायचा.

दुसरी तक्रार: मेल आला, पण दिसत नाही

ही शोधायला सगळ्यात कठीण गेली, कारण मागितल्यावर ती कधी घडायचीच नाही. एका सहकाऱ्याच्या फोनवर निविदेचा मेल दिसतच नव्हता, संगणकावर व्यवस्थित होता. फोनवर त्या जागी आदल्या दिवशी डिलीट केलेली जाहिरात दिसत होती.

यूआयडी म्हणून मी एसक्यूलाइटच्या टेबलातली प्रायमरी की, म्हणजे ओळ ओळखण्याचा आकडा, वापरली होती. आपोआप वाढणारा आकडा, मग काळजी कशाला? पण एसक्यूलाइटमध्ये ‘इंटिजर प्रायमरी की’ एवढंच लिहिलं असेल तर नवा आकडा ठरतो तो टेबलात त्या घडीला असलेल्या सर्वांत मोठ्या आकड्यात एक मिळवून. सगळ्यात नवा मेल १२०७ होता. जाहिरात होती, त्याने आल्या आल्या संगणकावरून काढली. ओळ गेली, सर्वांत मोठा आकडा १२०६ उरला, आणि पुढे आलेल्या निविदेच्या मेलला पुन्हा १२०७ मिळाला. फोन मधल्या काळात बंद होता. त्याच्या साठ्यात १२०७ आधीच होता. त्याने विचारलं, नवीन काय? उत्तर आलं १२०७. तो म्हणाला, हा तर माझ्याकडे आहे.

म्हणजे हे घडायला शेवटचाच मेल काढावा लागतो, लगेच दुसरा यावा लागतो, आणि मधल्या वेळात एखादं यंत्र झोपलेलं असावं लागतं. चाचणीत मी नेहमी मधले मेल काढून पाहत होते. हात आपोआप मधल्यावरच जातो.

‘ऑटोइन्क्रिमेंट’ हा शब्द जोडला की एसक्यूलाइट आजवरचा सर्वांत मोठा आकडा वेगळ्या टेबलात लक्षात ठेवतं आणि पुनर्वापर थांबतो. मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनीही आपली आवृत्ती पाहावी: ८.० च्या आधी त्याचं साठवणीचं इंजिन इनोडीबी हा आकडा फक्त मेमरीत ठेवत असे, आणि डेटाबेस पुन्हा सुरू झाल्यावर टेबलातला सर्वांत मोठा आकडा बघून तिथून पुढे मोजत असे. ‘मॅक्स अधिक एक’ असा हिशोब स्वतः कोडमध्ये केला असेल तर तिथेही हेच भोक आहे.

पण ऑटोइन्क्रिमेंटवर मी थांबले नाही, कारण सगळ्या फोल्डरांना मिळून एकच आकडा ठेवल्याने आणखी एक आजार होता. मेल दुसऱ्या फोल्डरात हलवला की मी फक्त त्याच्या ओळीतलं फोल्डरचं नाव बदलत होते, यूआयडी तोच. समजा ३०० क्रमांकाचा जुना मेल ‘निविदा २०२४’ या फोल्डरात हलवला, आणि तिथला सर्वांत मोठा यूआयडी ९०० आहे. क्लायंट त्या फोल्डरात नवीन काय म्हणून ‘९०१ पासून पुढे’ विचारतो. ३०० त्याच्या नजरेस येतच नाही. फोल्डरात नंतर आलेल्या मेलचा यूआयडी आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठाच हवा, मेल कितीही जुना असला तरी. एका शाखेतून दुसऱ्या शाखेत गेलेल्या पत्रावर तिथला नवा आवक शिक्का बसतो, तसं.

आता फोल्डरांच्या टेबलात प्रत्येक फोल्डरचा यूआयडीनेक्स्ट, म्हणजे पुढच्या मेलला द्यायचा आकडा, हा स्तंभ आहे. मेल आत घेताना त्याच व्यवहारात (डेटाबेसमधला बदल, जो सगळा होतो किंवा मुळीच होत नाही) हा आकडा वाचायचा, मेलला द्यायचा आणि एकने वाढवायचा. तो कधी कमी होत नाही. एखादा आकडा वाया गेला तर जाऊ द्या, खंड चालतात. लिहिताना एसक्यूलाइट अख्ख्या डेटाबेसला कुलूप लावत असल्यामुळे एका फोल्डरात एका वेळी एकच मेल शिरतो, आणि हे कुलूप मुद्दाम हवंच आहे. पोस्टग्रेस डेटाबेसवर सीक्वेन्स (डेटाबेसनेच वाटलेले चढते आकडे) वापरून काम करणाऱ्यांना इथे एक खड्डा आहे: १०० आणि १०१ आकडे दोन वेगळ्या व्यवहारांनी घेतले, आणि १०१ चा व्यवहार आधी पुरा झाला. क्लायंटने तेवढ्यात पाहिलं, १०१ घेतला, पुढच्या वेळी १०२ पासून विचारलं. १०० नंतर उगवला आणि कायमचा हुकला.

याच भागात एक गोष्ट मी चूक समजून ‘दुरुस्त’ केली होती, ती परत उलटवली. क्लायंट ‘यूआयडी फेच १२०८:*’ विचारतो, सर्वांत मोठा यूआयडी १२०७ आहे, आणि सर्व्हर १२०७ चा मेल परत देतो. हे बरोबर आहे. तारा म्हणजे सर्वांत मोठा आकडा, आणि पल्ल्याची टोकं उलटी लिहिली तरी अर्थ तोच, म्हणून १२०८:* मध्ये १२०७ येणारच. शिवाय यूआयडी फेचच्या उत्तरातही ताऱ्यानंतरचा आकडा संदेश क्रमांकच असतो, यूआयडी कंसात आत येतो. तिथे मी सुरुवातीला यूआयडीच छापत होते.

तिसरी तक्रार: सगळं पुन्हा उतरतं

ही लगेच सापडली. यूआयडीव्हॅलिडिटी म्हणून मी प्रोग्राम सुरू झाल्याची वेळ देत होते. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की नवी वेळ, नवं वर्ष, नवं रजिस्टर. क्लायंटने जुना साठा फेकून सगळं नव्याने आणणं ही त्याची चूक नाही, तसंच त्याला सांगितलं आहे. आता हा आकडा फोल्डर तयार होताना एकदा ठरतो आणि यूआयडीनेक्स्टच्या शेजारी राहतो. सेकंदांत वेळ द्या, मिलिसेकंदांत नको. या आकड्याला ३२ बिटांचीच जागा आहे, म्हणजे जास्तीत जास्त ४२९४९६७२९५, आणि मिलिसेकंदांचा तेरा आकडी काळ त्यात मावत नाही.

मात्र दोन प्रसंगी तो वाढवलाच पाहिजे. फोल्डर काढून त्याच नावाने पुन्हा केला तर. आणि बॅकअपमधून जुना डेटाबेस परत आणला तर. दुसरा प्रसंग लोक विसरतात. मीही विसरले होते. मागे डिस्क गेली तेव्हा आदल्या रात्रीची प्रत बसवली, तेव्हा यूआयडीनेक्स्टही आदल्या रात्रीचा झाला. दिवसभरात वाटलेले आकडे दुसऱ्या मेलना पुन्हा मिळाले, आणि ‘मेल दिसत नाही’ ही तक्रार दुरुस्तीनंतरही एकदा उगवली ती यामुळे. बॅकअप परत बसवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये आता यूआयडीव्हॅलिडिटी वाढवण्याची ओळ आहे, आणि ती वगळण्याची सोय ठेवलेली नाही.

मेल उतरवून घेण्याची जुनी पद्धत पॉप३, तिचं थोडक्यात. तिथले नंबर सेशन उघडताना ठरतात आणि बंद होईपर्यंत हलत नाहीत. डेले (डिलीटची आज्ञा) म्हणजे फक्त खूण, खरं काढणं क्विट (निरोपाची आज्ञा) आल्यावर, आणि क्विटशिवाय जोडणी तुटली तर काहीच काढायचं नाही. आयमॅपचं यादी सरकवणारं फंक्शन पॉप३ ला जोडू नका. यूआयडीएलसाठी, म्हणजे पॉप३ मधल्या मेलच्या कायमच्या खुणेसाठी, यूआयडीव्हॅलिडिटी आणि यूआयडी मध्ये टिंब घालून जोडले, ७० अक्षरांच्या मर्यादेत सहज बसतात.

तपासायचं कसं

आधी लॉग बदला. प्रत्येक ओळीत संदेश क्रमांकाशेजारी यूआयडी आणि सेशनची खूण छापा. माझ्या लॉगमध्ये ‘स्टोअर ५’ एवढंच होतं म्हणून तो निर्दोष दिसला. ‘स्टोअर ५, यूआयडी ८८’ असं असतं तर जाहिरातीचा यूआयडी ८७ होता हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

मग दोन टर्मिनल उघडा, दोन्हींत ओपनएसएसएलच्या एस-क्लायंटने (सर्व्हरला हाताने आज्ञा पाठवण्याचं साधन) ९९३ पोर्टवर त्याच खात्यात शिरा आणि तोच फोल्डर उघडा. पहिल्यातून तिसरा मेल काढा. दुसऱ्यातून काहीही करायच्या आधी ‘फेच ५ (यूआयडी)’ विचारा. उत्तरात जुनाच यूआयडी हवा आणि सोबत एक्सपंज नको. मग नूप द्या. आता ‘* ३ एक्सपंज’ यायला हवं, आणि त्यानंतर ‘फेच ४ (यूआयडी)’ विचारल्यावर मघाचाच यूआयडी. नंतर फोल्डरातला शेवटचा मेल काढा, नवा पाठवा, त्याचा यूआयडी पाहा. सर्व्हर पुन्हा सुरू करा आणि तेच पुन्हा करा. यात दहा मिनिटंही जात नाहीत, आणि मी दोन महिने जे शोधत होते ते सगळं यात उघडं पडतं. शंका आली तर शेजारी डवकॉट हा तयार आयमॅप सर्व्हर उभा करून त्याच ओळी त्याला द्या आणि उत्तरं ताडून पाहा. त्याच घरचं आयमॅपटेस्ट हे साधन अनेक सेशन एकदम सोडून क्रमांकांची विसंगती पकडतं. हाताची चाचणी पार झाल्यावर मी ते रात्रभर चालवलं.

दुरुस्त कोड बसवताना मात्र घाई करू नका. लोकांच्या फोनमध्ये जुन्या चुकीच्या जोड्या आधीच साठलेल्या आहेत. सर्व्हर सुधारला तरी त्यांच्याकडे १२०७ म्हणजे जाहिरातच राहते. म्हणून प्रत्येक फोल्डरची यूआयडीव्हॅलिडिटी एकदा मुद्दाम वाढवावी लागते, आणि एकदा तरी सगळं पुन्हा उतरणारच. ऑफलाइन असताना केलेले बदल जुन्या यूआयडींना बांधलेले असतात, ते क्लायंट टाकून देऊ शकतो. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मी सगळ्यांना फोन आणि संगणक एकदा जोडून ठेवायला सांगितलं. शनिवारी रात्री लहान फोल्डर आधी घेतले, रविवारी पहाटे ‘पाठवलेले’, आणि ताईंचा इनबॉक्स सगळ्यात शेवटी, सोमवारी सकाळी, त्यांच्या शेजारी बसून.